ख्रिस्तपुराणकार फादर स्टीफन्स आणि ख्रिस्ती आशा

पैठणहून वाहत येणारी गोदावरी आपल्या नांदेडला पोहोचते. सोळाव्या शतकाच्या अखेरीस त्या पैठणात संत एकनाथ भावार्थ रामायण रचत होते; राम-रावण युद्धाचे कांड पूर्ण होण्याआधीच १५९९ साली त्यांचे निधन झाले. त्याच काळात गोव्यात एक इंग्रज येशूसंघीय धर्मगुरू मराठी भाषा आत्मसात करीत होते. पुढे त्यांनीही सत् आणि असत् यांचा संग्राम मराठी ओवीतच गायिला. ते म्हणजे फादर थॉमस स्टीफन्स.

त्यांचा जन्म सुमारे १५४९ साली इंग्लंडमधील विल्टशर परगण्यात झाला. त्या देशात तेव्हा कॅथोलिक श्रद्धा जपणे धोक्याचे होते. त्यांचे जिवलग मित्र थॉमस पाउंड यांना श्रद्धेपायी सुमारे तीस वर्षे कारावास भोगावा लागला. स्टीफन्स रोमला गेले, १५७५ साली येशूसंघात दाखल झाले आणि २४ ऑक्टोबर १५७९ रोजी गोव्यास पोहोचले. १६१९ साली मृत्यू येईपर्यंत त्यांची सेवा मुख्यतः साष्टी प्रांतात झाली.

या साष्टीतच १५८३ सालच्या जुलै महिन्यात कुंकळ्ळी येथे फादर रुडॉल्फ आक्वाविवा व त्यांचे चार येशूसंघीय सहकारी मारले गेले. ख्रिस्तसभेने १८९३ साली त्यांना धन्यवादित घोषित केले. परंतु पोर्तुगीज सत्तेने त्या भागातील देवळे आधीच पाडली होती व गावकऱ्यांच्या मनात त्याचा रोष होता, हेही आपण प्रामाणिकपणे ध्यानी घेतले पाहिजे. नंतर गावच्या प्रमुखांना असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून विनाचौकशी ठार करण्यात आले. एक बाजू देवाची आणि दुसरी सैतानाची अशी सरळ वाटणी येथे करता येत नाही. हुतात्म्यांचे देह परत मिळविण्याच्या कामी फादर स्टीफन्स होते. आपल्या सहकाऱ्यांचा असा अंत पाहिलेला हा मनुष्य त्याच लोकांमध्ये आणखी छत्तीस वर्षे राहिला आणि त्यांच्या भाषेत लिहिता झाला.

त्यांचे ख्रिस्तपुराण १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. नवख्रिस्ती लोकांची जुनी पुराणे सुटली होती, आणि गाण्या-ऐकण्यासाठी हाती दुसरे काही नव्हते. ती उणीव त्यांनी ओळखली. पहिल्या पुराणात ४,१८१ आणि दुसऱ्यात ६,७८१, अशा एकूण १०,९६२ ओव्या त्यांनी रचल्या. नांदेड-लातूरकडच्या आयाबाया जात्यावर गात आल्या, ते ओवीचेच भावंड. स्वर्गाला ते निःसंकोचपणे वैकुंठ म्हणतात.

कथा विश्वाच्या उत्पत्तीपासून सुरू होते. गर्विष्ठ लुसिफर देवाविरुद्ध उठतो व पडतो. मग आदाम आणि एवा त्याच्या मोहाला बळी पडतात. येथे एक गोष्ट सूक्ष्मपणे पाहावी. सैतान हा देवाच्या तोडीचा प्रतिस्पर्धी नाही. तो देवानेच निर्मिलेला, स्वतःच्या अहंकाराने भ्रष्ट झालेला देवदूत आहे. म्हणूनच लढाई कितीही भीषण असली तरी तिचा शेवट अनिश्चित नाही. पहिले पुराण म्हणजे तारणाऱ्याची दीर्घ प्रतीक्षा होय. दुसऱ्या पुराणात तो तारणारा येतो, अरण्यात मोहावर मात करतो, क्रुसावर मरण पत्करतो आणि पुनरुत्थित होतो. या विजयात तलवार कोठेही नाही. सत्तेच्या आधाराने धर्म चालविणाऱ्या त्या राज्यात ही कथा गायिली जात होती, याचे मला विशेष वाटते.

पुढे १६४९ व १६५४ साली पुराणाच्या नव्या आवृत्त्या निघाल्या. १६८४ साली पोर्तुगीज सरकारने स्थानिक भाषेच्या वापरावर बंदी घातली. त्या तिन्ही छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज हाती नाही. तथापि भाविकांनी हस्तलिखिते उतरवून घेतली, आणि त्यांच्याच आधारे १९०७ साली मंगळूर येथे सालढाणा यांनी हा ग्रंथ पुन्हा छापला, तोही मूळ छपाईप्रमाणे रोमन लिपीत. देवनागरीतील आवृत्तीसाठी मराठी वाचकाला १९५६ साल उजाडावे लागले. ती पुण्यात शांताराम बंडेलू यांनी संपादित केली.