शिरीषाच्या नावामागचे जॉर्ज बेंथम

इंदूरच्या जुन्या वस्तीत शाळेच्या कुंपणाला नाहीतर वाड्याच्या परसात विलायती चिंचेचे एखादे तरी झाड असायचेच. इकडे माळव्यात तिला जंगल जलेबी म्हणतात. आपल्यापैकी अनेकांनी तिच्या वळलेल्या शेंगांसाठी दगड मारले असतील आणि त्याबद्दल बोलणीही खाल्ली असतील. या झाडाचे शास्त्रीय नाव पिथेसेलोबियम डल्से. ते पूर्ण लिहायचे तर पुढे कंसात ‘रॉक्सब.’ आणि कंसाबाहेर ‘बेंथ.’ असे लिहितात. शिरीषाचे नाव अल्बिझिया लेबेक. त्याच्याही शेवटी ‘बेंथ.’ आहेच. कंसातला माणूस तो, ज्याने त्या जातीला पहिल्यांदा नाव दिले. कंसाबाहेरचा तो, ज्याने तिला नंतर योग्य प्रजातीत नेऊन बसवले. आपल्या अंगणातल्या झाडांना अशी घरे देणारे हे ‘बेंथ.’ म्हणजे जॉर्ज बेंथम. ते हिंदुस्थानात कधी आले नाहीत. तरीही शेंगा धरणाऱ्या वनस्पतींच्या कुळाची जी मांडणी आपल्या कॉलेजांत पिढ्यान्‌पिढ्या शिकवली गेली, ती त्यांच्या हातची आहे. म्हणून त्यांच्याविषयी थोडे सविस्तर लिहावे असे आम्हाला वाटले.

जॉर्ज बेंथम यांचा जन्म 22 सप्टेंबर 1800 रोजी इंग्लंडमधील प्लिमथजवळ झाला. वडील सॅम्युअल बेंथम जहाजबांधणीतले तज्ज्ञ, आणि काका म्हणजे प्रसिद्ध तत्त्वज्ञ जेरेमी बेंथम. वडिलांना 1805 मध्ये सरकारी कामासाठी रशियाला पाठवले गेले, तेव्हा सारे कुटुंब सेंट पीटर्सबर्गला गेले. सात वर्षांचे होईपर्यंत या मुलाला इंग्रजीखेरीज फ्रेंच, जर्मन आणि रशियन बोलता येऊ लागले होते. शाळेत मात्र ते कधीच गेले नाहीत. सगळे शिक्षण घरी, शिक्षकांकडून आणि आईवडिलांकडून.

पुढे 1814 मध्ये कुटुंब फ्रान्सला गेले आणि बारा वर्षे तिथेच राहिले. आईला झाडांची आवड होती. तिने द कांदोल या वनस्पतिशास्त्रज्ञाचा फ्रान्समधील वनस्पतींवरचा ग्रंथ आणला होता. सतरा वर्षांच्या जॉर्जने तो सहज उघडला, आणि त्यांना खिळवून ठेवले ते फुलांच्या वर्णनांनी नव्हे, तर त्यातल्या कोष्टकांनी. पाकळ्या सुट्या की जुळलेल्या, पुंकेसर किती, पाने समोरासमोर की एकाआड एक, अशा प्रश्नांची उत्तरे देत देत शेवटी झाडाच्या नावापाशी पोहोचायचे. काकांच्या तर्कशास्त्राचा अभ्यास तेव्हा सुरू होताच. तीच रीत इथे झाडापानांत दिसली. घरामागच्या आवारात जाऊन समोर दिसले ते पहिले रोपटे त्यांनी उपटले आणि सारी सकाळ खपून त्याचे नाव काढले. ते निघाले साल्व्हिया, म्हणजे आपल्या तुळशीच्या कुळातले. याच कुळावर त्यांनी पुढे आपला पहिला मोठा ग्रंथ लिहिला.

माँपेलिएजवळ वडिलांनी मोठी शेतीवाडी घेतली होती. ती सांभाळता सांभाळता वनस्पतींचा छंद वाढत गेला. जॉर्ज वॉकर-आर्नॉट या स्कॉटिश मित्राबरोबर त्यांनी पिरेनीज पर्वतात भटकंती केली आणि 1826 मध्ये तिथल्या वनस्पतींची यादी छापली. या आर्नॉट यांचे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे, ते पुढे पुन्हा येणार आहे.

त्याच वर्षी बेंथम इंग्लंडला परतले. काकांचे लेखनसाहाय्य करायचे आणि जोडीने वकिलीचा अभ्यास, असा क्रम सुरू झाला. 1827 मध्ये त्यांनी तर्कशास्त्रावर एक पुस्तक लिहिले. त्यात एक नवी आणि महत्त्वाची कल्पना होती. पण जेमतेम साठ प्रती खपल्या आणि प्रकाशकाचे दिवाळे निघाले. उरलेल्या प्रती रद्दीच्या भावाने गेल्या. तीच कल्पना नंतर दुसऱ्याच्या नावावर गाजली. बेंथम यांनी त्यावरून कधी भांडण काढल्याचे दिसत नाही. 1831 मध्ये वडील आणि 1832 मध्ये काका वारले. पोटापाण्याची चिंता उरली नाही, तेव्हा त्यांनी वकिली सोडली. 1833 मध्ये लग्न झाले. त्यानंतरची पन्नास वर्षे वनस्पतींची.

हिंदुस्थानाशी त्यांचा संबंध आला तो लंडनमध्येच. कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचे नॅथॅनिएल वॉलिक 1828 मध्ये वाळवलेल्या वनस्पतींची खोकीच्या खोकी घेऊन तिथे पोहोचले. ईस्ट इंडिया कंपनीचा हा प्रचंड संग्रह निवडून ठिकठिकाणच्या अभ्यासकांना वाटायचा होता. त्या कामात बेंथम यांनी हातभार लावला. कागदावर चिकटवलेले वाळके फूल गरम पाण्यात भिजवून मऊ करायचे, भिंगाखाली उकलायचे, आणि त्याच्या शेजारी दुसऱ्या देशातून आलेले फूल ठेवून ताडून पाहायचे, हे त्यांचे आयुष्यभराचे काम झाले.

शेंगांच्या कुळाकडे ते वळले ते 1836–37 च्या हिवाळ्यात, व्हिएन्नाला असताना. तिथल्या संग्रहावरून त्यांनी या कुळातील प्रजातींवर लॅटिनमध्ये निबंध लिहिला. 1842 पासून बाभूळ-लाजाळूच्या गटाची जातवार पाहणी छापायला घेतली. शिरीष आणि विलायती चिंच यांना आजची नावे मिळाली ती याच लेखमालेत, 1844 मध्ये.

हे कुळ किती पसरलेले आहे, याची कल्पना स्वयंपाकघरात उभे राहिले तरी येते. तूर, हरभरा, मूग, वाटाणा, मेथी, शेंगदाणा, चिंच ही सगळी याच कुळातली. अंगणात बहावा, पळस, कांचन, गुलमोहर. दसऱ्याला आपल्या मराठी घरांत वाटतात तो आपटा, आणि ग्वाल्हेरला शिंद्यांच्या दसऱ्यात जिची पूजा होते ती शमी, हीसुद्धा दोन्ही याच कुळातली. जगभरात या कुळाच्या एकोणीस-वीस हजार जाती आहेत. बेंथम यांनी हे एकच कुळ मानले आणि फुलांवरून त्याचे तीन भाग कायम केले. पहिल्यात वाटाण्यासारखी फुले, मागे उभी पताका, बाजूला दोन पंख, खाली नावेसारख्या जुळलेल्या दोन पाकळ्या. पळस यातला. दुसऱ्यात बहावा, चिंच, आपटा, जिथे पाकळ्या बऱ्याचशा सुट्या आणि सारख्या. तिसऱ्यात बाभूळ, शिरीष, शमी, जिथे पाकळ्या नगण्य आणि पुंकेसरांचाच गोंडा.

तिसऱ्या भागात त्यांची खरी कसोटी लागली. पूर्वीच्या लेखकांनी शिरीष कधी लाजाळूच्या प्रजातीत घातला होता, कधी बाभळीच्या. पानांवरून पाहिले तर सगळीच सारखी. बेंथम यांनी पाने बाजूला ठेवली आणि पुंकेसर मोजले. पाकळ्यांइतके किंवा दुप्पट असले तर लाजाळू आणि शमीकडचे गट. पुष्कळ असून बुडापर्यंत सुटे असले तर बाभूळ. पुष्कळ असून बुडाशी जुळून त्यांची नळी झाली असेल तर शिरीष, विलायती चिंच आणि त्यांचे भाऊबंद. इतकी साधी खूण, पण ती त्यांनी शेकडो जातींवर लावून पाहिली. सुबाभळीची ल्युसिना ही प्रजातीही त्यांनीच 1842 मध्ये वेगळी काढली.

त्यांचे सगळेच बरोबर निघाले असे नाही. विलायती चिंचेच्या प्रजातीत त्यांनी दूरदूरच्या जाती कोंबल्या. रस्त्याकडेचा मोठा वर्षावृक्षही तिच्यात घातला होता. पुढे एकेक करून त्या बाहेर काढाव्या लागल्या आणि आता तिच्यात विसेक जाती उरल्या आहेत.

1854 मध्ये त्यांनी आपला लाखाहून अधिक नमुन्यांचा संग्रह आणि ग्रंथ क्यू येथील वनस्पती उद्यानाला देऊन टाकले. शिक्षण घेऊन शास्त्रज्ञ झालेला आपण माणूस नव्हे, तेव्हा आता थांबावे, असे त्यांच्या मनात होते. मित्रांनी ते होऊ दिले नाही. मग रोज क्यूला जाऊन काम करणे सुरू झाले आणि खरी मोठी कामे त्यानंतर झाली. 1858 मध्ये सामान्य वाचकासाठी ब्रिटिश वनस्पतींचे पुस्तक आले. त्याच वर्षी 1 जुलैला लिनियन सोसायटीत त्यांचा निबंध वाचला जायचा होता. जाती बदलत नाहीत, असे त्यात प्रतिपादन होते. ऐनवेळी त्या सभेत डार्विन आणि वॉलेस यांचे लेख वाचले गेले आणि बेंथम यांनी आपला निबंध मागे घेतला. अंगवळणी पडलेले मत सोडणे त्यांना जड गेले, पण काही वर्षांनी त्याच सोसायटीचे अध्यक्ष असताना त्यांनी उत्क्रांतीचा विचार मान्य केला. वयाच्या साठीनंतर असे मत बदलणारी माणसे आम्ही तरी फार पाहिली नाहीत.

ऑस्ट्रेलियाच्या वनस्पतींवरचे सात खंड त्यांनी 1863 ते 1878 या काळात पुरे केले. आठ हजारांहून अधिक जाती, आणि तो देशही त्यांनी पाहिलेला नव्हता. मेलबर्नचे फर्डिनांड फॉन म्युलर यांना हा ग्रंथ स्वतः लिहायचा होता. तरीही ते आपले नमुने टप्प्याटप्प्याने क्यूला पाठवत राहिले. जोडीला जोसेफ हूकर यांच्याबरोबर सर्व सपुष्प वनस्पतींच्या प्रजातींचा लॅटिन ग्रंथ चालू होताच. 1862 ते 1883 या काळात तो तीन खंडांत निघाला. त्यातले शेंगांचे कुळ बेंथम यांनीच लिहिले. पुण्याच्या सायन्स कॉलेजचे थिओडोर कुक यांनी मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा ग्रंथ 1901 ते 1908 मध्ये लिहिला, तोही याच मांडणीच्या आधाराने. आपल्यापैकी ज्यांनी बी.एस्सी.ला वनस्पतिशास्त्र घेतले असेल, त्यांना बेंथम आणि हूकर ही जोडी परीक्षेमुळे तरी आठवत असेल.

आता आर्नॉट. बेंथम यांच्या या मित्राने रॉबर्ट वाइट यांच्यासह दक्षिण हिंदुस्थानातील वनस्पतींवर 1834 मध्ये ग्रंथ लिहिला आणि त्यात देवबाभळीसाठी वाचेलिया नावाची नवी प्रजाती केली. बेंथम यांनी ती मान्य केली नाही. प्रजाती थोड्या आणि मोठ्या असाव्यात, नाहीतर नावे कोणाच्या लक्षात राहणार, हा त्यांचा बाणा. त्यांनी वाचेलिया बाभळीच्या अकेशिया प्रजातीत परत मिसळली. पण आतल्या आत तिचे सहा गट पाडले. बाभूळ, देवबाभूळ यांच्यासारखे पानाच्या बुडाशी सरळ जोडकाटे असलेले एका गटात, खैरासारखे आखूड आकडेदार काटे असलेले दुसऱ्यात, आणि ऑस्ट्रेलियातल्या शेकडो जाती, ज्यांना बहुधा काटाच नसतो, त्या निराळ्या गटांत.

या प्रजातीचे हे गट एका घराचे नाहीत, हे दीडशे वर्षांनी उघड झाले आणि ती फोडावी लागली. मग अकेशिया हे नाव ठेवायचे कोणाकडे? ग्रीक भाषेत त्याचा संबंध काट्याशी, आणि ते मुळात बाभळीचे. पण जाती सर्वांत जास्त ऑस्ट्रेलियात. 2005 मध्ये व्हिएन्नाच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत नाव ऑस्ट्रेलियाला दिले गेले. पुष्कळ वाद झाला, आणि 2011 मध्ये मेलबर्नला तोच निर्णय कायम राहिला. आपली बाभूळ आता वाचेलिया निलोटिका आहे आणि खैर सेनेगालिया कटेचू. मित्राचे नाकारलेले नाव असे परत आले. फुटीच्या रेषा मात्र बऱ्याचशा बेंथम यांनी काट्यांवरून आखल्या होत्या त्याच. 1871 मध्ये बहाव्याच्या कॅशिया प्रजातीचे त्यांनी तीन उपविभाग केले होते. तिथेही तेच झाले. 1982 मध्ये त्या उपविभागांच्या तीन प्रजाती झाल्या. बहावा कॅशियात राहिला आणि तरवड, टाकळा सेनात गेले.

कुळाच्या तीन भागांचे तसे झाले नाही. 2017 मध्ये जगभरच्या अभ्यासकांनी मिळून त्याचे सहा भाग केले. दुसरा भाग म्हणजे उरल्यासुरल्यांची मोट होती, असे जनुकांच्या अभ्यासातून दिसले. आपटा, चिंच आणि बहावा आता तीन वेगळ्या उपकुळांत आहेत, आणि शमी-शिरीषाचा सारा गट बहाव्याच्या उपकुळात सामावला गेला आहे.

हूकर यांच्याबरोबरच्या ग्रंथाचा शेवटचा भाग 1883 मध्ये छापून झाला आणि बेंथम यांची तब्येत एकदम ढासळली. 10 सप्टेंबर 1884 रोजी, चौऱ्याऐंशी वर्षे पूर्ण व्हायला बारा दिवस असताना, लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. मूलबाळ नव्हते.

चैत्र-वैशाखात शिरीष फुलतो तेव्हा खाली पडलेला एखादा गोंडा उचलून घरी आणावा. त्यातले एक फूल वेगळे काढून टाचणीने हलकेच उकलले, तर पुंकेसर बुडाशी जुळलेले दिसतात. पावसाळ्यात बाभळीचा पिवळा गेंद मिळाला की त्यातलेही एक फूल तसेच उकलून पाहावे. मुलांकडे साधे भिंग असले तरी पुरते.