रॉबर्ट सिमन्स व त्याची हलकी फळी

आपल्या पाठ्यपुस्तकांतून ज्या शोधकांचीं चरित्रें येतात त्यांत रॉबर्ट विल्सन सिमन्स याचें नांव आढळत नाहीं. समुद्राच्या फुटत्या लाटेबरोबर जिच्यावर उभें राहून माणूस किनाऱ्याकडे धांवत येतो अशी एक फळी असते. तिला सर्फबोर्ड म्हणतात. ती हलकी, मजबूत व वेगवान कशी करावी, या एकाच प्रश्नाच्या पाठीमागें सिमन्सच्या अवघ्या पस्तीस वर्षांच्या आयुष्यांतील उत्तम काळ खर्ची पडला. विषय खेळाचा असल्यामुळें कोणास तो क्षुल्लक वाटेल. मलाहि प्रथम तसेंच वाटलें होतें. परंतु ह्या मनुष्यानें फळीच्या निमित्तानें पदार्थविज्ञान व रसायन यांशीं जो झगडा केला, व त्यांत तो जेथें अडला, ती हकीकत विज्ञान शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनीं तरी अवश्य वाचावी अशी आहे.

सिमन्सचा जन्म अमेरिकेंतील लॉस एंजलिस शहरीं १९१९ सालीं झाला. घराणें बुद्धिमान होतें. त्याचा थोरला भाऊ एडवर्ड यानें, पदार्थावर पडणारा ताण बारीक तार चिकटवून मोजण्याची युक्ति १९३८ सालीं शोधून काढली. ती आज पुलांपासून विमानांपर्यंत सर्वत्र वापरांत आहे. धाकट्याच्या नशिबीं मात्र कोंवळ्या वयांतच दुखणें आलें. त्याच्या पायाच्या घोट्यांत गांठ झाली, व पाय गमवावा लागतो कीं काय अशी स्थिति झाली. पाय वांचला. त्यास बळकटी यावी म्हणून तो सायकलवर बसूं लागला, तोंच एके दिवशीं मोटारीशीं टक्कर होऊन त्याच्या डाव्या हाताचें कोपर मोडलें. हाड सांधलें, पण हात जन्मभर वांकडाच राहिला. रुग्णालयांत असतां तेथील एका रुग्णानें त्यास लाटांवरील खेळाविषयीं सांगितलें, असें त्याचे चरित्रकार लिहितात. शरीरानें असा अधू झालेला मुलगा समुद्राच्या सर्वांत दांडग्या खेळाकडे वळला, हें आश्चर्यच खरें.

हा खेळ मूळचा हवाई बेटांतील. तेथील राजे व प्रजा दोघेहि लांकडी फळ्या घेऊन लाटांत शिरत. विसाव्या शतकाच्या आरंभीं तो कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर रुजला, व तेथें रेडवुड नांवाच्या वृक्षाच्या फळ्या होऊं लागल्या. कित्येकांचें वजन ८० ते १०० पौंड भरत असे. टॉम ब्लेक नांवाच्या गृहस्थानें १९३० च्या सुमारास आंतून पोकळ फळी करून वजन उतरविलें, व १९३५ सालीं फळीच्या खालीं माशाच्या परासारखी एक उभी पट्टी बसविली. तेणेंकरून फळी आडवी घसरेनाशी झाली. परंतु पोकळ फळीच्या सांध्यांतून पाणी आंत शिरे, व हलकेपणाचा लाभ थोडक्यांत संपे. वांकड्या हाताच्या मनुष्यास शंभर पौंडांचें ओझें वाळूंतून लाटेपर्यंत नेणें म्हणजे काय, याची वाचकांनींच कल्पना करावी. हलकी फळी ही इतरांस सोय वाटली असती. सिमन्सला तिच्यावांचून गत्यंतर नव्हतें.

कॅलिफोर्नियांतील ज्या तंत्रविद्यालयास संक्षेपानें कॅलटेक म्हणतात तेथें त्यानें एंजिनियरिंगचा अभ्यास केला, व युद्धाच्या काळांत विमानांच्या कारखान्यांत नोकरी केली. १९४६ सालीं लिंडसे लॉर्ड या नौकाशास्त्रज्ञाचें, पाण्यावर घसरणाऱ्या होड्यांच्या बांधणीविषयीं एक पुस्तक प्रसिद्ध झालें. तें सिमन्सच्या हातीं पडलें आणि त्याच्या कामास वळण लागलें. होडी हळू चालते तेव्हां ती पाणी दोहों बाजूंस सारीत जाते. वेग वाढला म्हणजे तीच होडी उचलली जाऊन पाण्याच्या पृष्ठावरून घसरूं लागते. त्या वेळीं तिच्या लांबी-रुंदीचें प्रमाण काय असावें, याचा विचार त्या पुस्तकांत होता. फळीहि लाटेच्या उतारावरून अशीच घसरते हें सिमन्सनें ओळखलें. इतर कारागीर डोळ्यांच्या अदमासानें रंधा मारीत; हा गणित मांडून मारी. त्यानें फळी व तिचें शेपूट रुंद केलें, कडा पातळ केल्या, आणि पुढचें टोंक चमच्यासारखें वर उचललें, म्हणजे तें लाटेच्या पायथ्याशीं पाण्यांत घुसून स्वारास उलथून पाडीना. कांहीं फळ्यांस त्यानें एकाऐवजीं दोन पर लाविले.

आकार साधला, पण वजनाचा प्रश्न राहिला. दक्षिण अमेरिकेंतील बाल्सा नांवाचें लांकूड रेडवुडपेक्षां पुष्कळच हलकें, तथापि तें पाणी पितें व नखानेंहि खरवडतें. त्यावर एखादें कठीण, जलाभेद्य कवच पाहिजे होतें. तें युद्धानें पुरविलें. कांच वितळवून तिचे केंसाहून बारीक तंतु काढण्याची कला १९३० नंतर कारखान्यांत उतरली होती. त्या तंतूंचें कापड विणून तें पॉलिएस्टर नांवाच्या कृत्रिम राळेंत भिजविलें म्हणजे हलकें व चिवट असें कवच तयार होई. विमानांवरील रडारचीं आवरणें अशींच करीत. युद्ध संपल्यावर हें सामान सामान्य लोकांच्या हातीं येऊं लागलें. पीट पीटरसन यानें १९४६ सालीं कांचतंतु वापरून केलेली फळी ह्या जातीची पहिली मानतात. सिमन्स लौकरच त्याच वाटेस लागला.

ही राळ एका डब्यांत स्टायरीन नांवाच्या पातळ व उग्र वासाच्या द्रवांत विरघळलेली असते. तींत शेंकडा एक-दोन भाग पेरॉक्साइड मिसळलें म्हणजे स्टायरीनचे रेणू राळेच्या लांब सांखळ्या एकमेकींस जोडूं लागतात, मिश्रण तापतें, व थोड्याच मिनिटांत आळून पुढें दगडासारखें घट्ट होतें. पेरॉक्साइड कमीजास्त झालें तर राळ उशिरां किंवा लौकर आळते. कारागिरास एवढी मोकळीक पुरेशी असते. ती स्वस्त, घांसावयास सोपी, पारदर्शक. दोष म्हणाल तर ती कठीण असली तरी ठिसूळ, आणि आळतांना किंचित् आंखडते. बाल्सावर मात्र ती उत्तम बसली.

सिमन्सचें समाधान एवढ्यावर झालें असतें तर त्याचें नांव कांहीं चांगल्या कारागिरांच्या यादींत राहिलें असतें. पण त्यास बाल्साहूनहि हलका गाभा हवा होता, व तो त्याच सुमारास मिळूं लागला: पॉलिस्टायरीनचा घट्ट केलेला फेस. आपण ज्यास थर्मोकोल म्हणतों तो ह्याच कुळांतला. त्यांत बहुतेक सारी हवाच असते. परंतु त्यावर पॉलिएस्टर राळ पसरली कीं अनर्थ होई. नांवावरूनच चतुर विद्यार्थ्यांच्या लक्षांत येईल कीं, पॉलिस्टायरीन म्हणजे स्टायरीनच्याच रेणूंची सांखळी; राळेंतील स्टायरीन तिला, साखरेवर पाणी पडावें तशी, विरघळवून टाकतें. एका प्रदर्शनासाठीं थर्मोकोलचा किल्ला चिकटवितांना भलताच चिकटद्रव घेतल्यामुळें आमच्या किल्ल्याचा बुरूज डोळ्यांदेखत खचतांना मीं पाहिला आहे. मुलें पोट धरून हंसलीं. मला मात्र सिमन्स आठवला.

ह्या अडचणीवर त्यानें जो तोड काढला तो १९४९ च्या सुमाराचा. गाभ्यास फेस, त्याच्या वर व खालीं पातळ प्लायवुडचा एकेक पापुद्रा, दोन्ही कडांस बाल्साच्या पट्ट्या. अशा रीतीनें फेस चहूंकडून लांकडांत कोंडल्यावर, बाहेरून कांचेचें कापड व पॉलिएस्टर राळ. स्टायरीनचा स्पर्श फेसास होऊंच द्यावयाचा नाहीं! शिवाय लांकडानें दुसरेंहि काम केलें. वस्तु वांकूं लागते तेव्हां तिची एक बाजू ताणली जाते व दुसरी दाबली जाते. मधल्या भागावर भार थोडा येतो. रेल्वेच्या रुळाचें तोंड पाहिल्यास माथ्याला व पायाला लोखंड जाड आणि मधें कमी, तें ह्याचसाठीं. सिमन्सच्या फळींत भार लांकडी पापुद्र्यांनीं सोसला, व फेसानें त्यांस एकमेकांपासून दूर धरून ठेविलें. वजन जुन्या रेडवुडच्या फळीच्या निम्म्याहूनहि कमी झालें. सँटा मोनिका येथें जो क्विग व मॅट किव्हलिन हे दोन तरुण कारागीर त्याजबरोबर काम करीत. पुढें दोघेहि नांवारूपास आले. तथापि एवढे थर जुळवून एक फळी करणें फार कष्टाचें होतें, आणि एखादा सांधा उघडला कीं पाणी आंत शिरण्याचें भय होतेंच.

ज्या राळेमुळें ही सारी यातायात वांचली असती ती त्याच वर्षांत जगांत येत होती, हें मला ह्या चरित्रांतील सर्वांत चटका लावणारें स्थळ वाटतें. स्वित्झर्लंडांत पिएर कास्तां नांवाचा रसायनज्ञ १९३० नंतर कृत्रिम दांतांसाठीं योग्य पदार्थ शोधीत असतां त्यास एपॉक्सी राळ साधली. सीबा कंपनीनें तिचा हक्क घेऊन १९४६ सालीं ती अरल्डाइट ह्या नांवानें पुढें मांडली. अमेरिकेंतहि सिल्व्हन ग्रीनली यानें ह्याच राळेवर काम केलें. मोडलेली वस्तु जोडण्यास आपण दोन नळ्यांतील लगदा कालवितों तो ह्या राळेचाच होय. हिच्यांत स्टायरीन नाहीं, म्हणून फेस विरघळत नाहीं. येथें पेरॉक्साइडचे चार थेंब टाकून भागत नाहीं; राळ व तिला घट्ट करणारा दुसरा द्रव हे दोन्ही एकमेकांत पुरते खर्ची पडतात, त्यामुळें ठरलेलें प्रमाण चुकलें तर मिश्रण कायमचें चिकट राहतें. ती पॉलिएस्टरपेक्षां घट्ट चिकटते, व तडकण्यापूर्वीं अधिक ताण सोसते. उलटपक्षीं ती महाग, आळण्यास तास न् तास घेणारी, उन्हानें पिंवळी पडणारी, आणि कच्ची असतां वारंवार हातास लागल्यास अंगावर पुरळ उठविणारी आहे. पन्नाशीच्या आंतबाहेर कॅलिफोर्नियाच्या फळीकारांचा व्यवहार चाले तो पॉलिएस्टरवर.

ह्या दोन राळांचें वैर दुरुस्तीच्या वेळीं आजहि उघड होतें. खडकावर आपटून फळीस खोंक पडली तर प्रथम ती पूर्ण वाळवावी लागते, मग भोंवतालचा भाग घांसून खरखरीत करावा लागतो. जुनी पॉलिएस्टरची फळी एपॉक्सीनें सांधतां येते. परंतु एपॉक्सीच्या फळीवर पॉलिएस्टर नीट चिकटत नाहीं; आणि आंत पॉलिस्टायरीन उघडा पडला असेल तर अंगठ्याएवढ्या भोंकाची मुठीएवढी पोकळी होते. गाभा कशाचा आहे हें न ओळखतां डबा उघडणारा मनुष्य सिमन्सनें १९४९ मध्यें चुकविलेल्या संकटांत आपण होऊन पडतो.

स्वभावानें सिमन्स एकलकोंडा व तापट होता. जुन्या फोर्ड मोटारीच्या टपावर फळी बांधून तो किनाऱ्यानें शेंकडों मैल हिंडे, लाट चांगली लागेल तेथें मुक्काम करी, आणि मोटारींतच झोंपे. कामांत ढिलाई केलेली त्यास खपत नसे. त्याच्याजवळ मित्र म्हणून टिकणें कठीण गेलें असलें पाहिजे.

२६ सप्टेंबर १९५४ रोजीं सॅन डिएगोजवळ ला होया येथील विंडनसी नांवाच्या किनाऱ्यावर तो मोठ्या लाटांत शिरला. फळी किनाऱ्यास लागली. तो आला नाहीं. तीन दिवसांनीं त्याचें प्रेत सांपडलें. फळीचाच डोक्यास आघात झाला असावा असा तर्क आहे. फळी पायाशीं बांधून ठेवण्याची दोरी १९७० नंतर प्रचारांत आली. त्या काळीं सुटलेल्या फळीमागें वांकड्या हातानेंहि पोहतच जावें लागे.

त्याच्या मागें धंद्यानें निराळाच मार्ग धरिला. राळ बदलण्याऐवजीं लोकांनीं फेस बदलला. १९५६ सालीं डेव्ह स्वीट यानें, व १९५८ सालीं होबी ऑल्टर व गॉर्डन क्लार्क यांनीं, पॉलियुरेथेनचा फेस फळीसाठीं वापरांत आणला. त्यावर स्टायरीनचें कांहीं चालत नाहीं; स्वस्त पॉलिएस्टर राळ थेट त्यावर ओतावी. लांकडी पापुद्र्यांची गरजच उरली नाहीं. कांहीं लेखक ह्यावरून सिमन्सची कल्पना फसली असें सुचवितात. मला तें पटत नाहीं. ५ डिसेंबर २००५ रोजीं क्लार्कनें आपला कारखाना अकस्मात् बंद केला, आणि अमेरिकेंतील बहुतेक फळीकारांचा गाभाच नाहींसा झाला. तेव्हां पुष्कळजण पॉलिस्टायरीन व एपॉक्सी ह्या जोडीकडे वळले, व त्यांतील कांहींनीं हलक्या गाभ्यावर पातळ लांकडाचे पापुद्रे निर्वात पिशवींत दाबून बसविण्यास आरंभ केला. त्याच सुमारास त्याच्या जुन्या फळ्यांचें रुंद शेपूट व दोन पर घेऊन आंखूड फळ्याहि होऊं लागल्या. त्या फळ्यांस मिनी सिमन्स म्हणतात.