कायद्याचे प्राध्यापक, हक्कांचे वकील : बॅ. डॉ. बाबासाहेब आंबेडकर

दरवर्षी २० मार्चला आपण महाडच्या चवदार तळ्याची आठवण काढतो. २५ डिसेंबरला मनुस्मृती दहन दिन पाळतो. पण १७ मार्चला काय झाले, असे कुणी विचारले तर आपल्यातले बहुतेक जण गप्प बसतील. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाने चवदार तळ्याच्या खटल्याचा निकाल दिला. सत्याग्रहाचे पाणी एका दिवसात ओंजळीत आले, पण तो हक्क कोर्टात टिकवायला नऊ वर्षांहून जास्त काळ लागला. परमपूज्य बाबासाहेबांच्या जीवनातली ही वकिलीची आणि प्राध्यापकीची बाजू घरातल्या मुलामुलींना कळावी, म्हणून विहाराच्या वर्धापनदिनी हा लेखप्रपंच.

१९१६ साली बाबासाहेबांनी लंडनच्या ग्रेज इन या संस्थेत बॅरिस्टरीसाठी नाव घातले. बडोदे सरकारच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली शिक्षण अर्धवट टाकून परत यावे लागले. मग मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकाची नोकरी धरली. तिथे शिकलेसवरलेले प्राध्यापकसुद्धा, यांनी आपल्या पाण्याच्या भांड्याला हात लावू नये म्हणून अडून बसले. पै पै साठवून १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले, १९२२ साली बॅरिस्टर झाले आणि १९२३ साली मायदेशी आले. वकिलीची सनद काढायलाही हातात पैसे नव्हते. तेव्हा पारशी मित्र नवल भथेना मदतीला धावले.

सनद मिळाली, पण पक्षकार कुठून यायचे? मोठी कामे सॉलिसिटरांच्या हातून मिळत आणि ते अस्पृश्य बॅरिस्टरकडे फिरकत नसत. परळच्या चाळीतला संसार चालवायचा म्हणून १९२५ ते १९२८ बाबासाहेब बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सीच्या संस्थेत व्यापारी कायदा शिकवत होते. गोरगरिबांची कामे मात्र त्यांनी कधी परत पाठवली नाहीत.

ते फक्त आपल्याच माणसांचे वकील होते, असे कुणी समजू नये. १९२६ साली पुण्यात ‘देशाचे दुश्मन’ या पुस्तकावरून खटला झाला. लेखक दिनकरराव जवळकर, प्रकाशक केशवराव जेधे, दोघेही ब्राह्मणेतर चळवळीतले. खालच्या कोर्टाने शिक्षा दिली. अपिलात बाबासाहेब उभे राहिले आणि आरोपी सुटले. १९३४ साली र. धों. कर्वे यांच्यावर ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातल्या मजकुराबद्दल अश्लीलतेचा खटला भरला गेला. लैंगिक प्रश्नांवर उघड बोलणाऱ्या कर्व्यांच्या बाजूने उभे राहणे म्हणजे बदनामी ओढवून घेणे. बाबासाहेब तरीही उभे राहिले. खटला हरले, कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. पण विचार मांडायचा हक्क लोकांना न आवडणाऱ्या माणसालाही असतो, ही त्यांची भूमिका त्यातून दिसली.

याच काळात ते मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजात शिकवत होते. १९२८ साली तिथे प्राध्यापक झाले आणि १९३५ ते १९३८ प्राचार्य होते. ज्याला लहानपणी शाळेत गोणपाट घेऊन वेगळे बसावे लागले, तो सरकारी कायदा महाविद्यालयाच्या प्राचार्यांच्या खुर्चीवर बसला! विद्यार्थ्यांना ते इंग्लंडची राज्यघटनाही शिकवत. पुढे देशाची घटना करायला बसले ते असे काही वर्षे वर्गात घटना समजावून सांगून.

आता महाडचा खटला. १९२३ साली बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात पास झाला आणि १९२४ साली महाड नगरपालिकेने तळे सर्वांना खुले केले. ठराव कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी हजारो माणसांसह तळ्याचे पाणी घेतले. त्यानंतर आपल्या लोकांवर हल्ले झाले, आणि नगरपालिकेने आपला ठरावही मागे घेतला. डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला. तोच सनातनी मंडळी कोर्टात गेली, बाबासाहेबांना प्रतिवादी केले आणि मनाईहुकूम मिळवला. परिषदेला जमलेली हजारो माणसे जेलात जायला तयार होती. पण कोर्टाचा हुकूम मोडायचा नाही, असे बाबासाहेबांनी समजावून सांगितले. मिरवणूक निघाली, पण पाण्याला कुणी हात लावला नाही. तहानेने व्याकूळ माणसाने भरल्या तळ्यावरून परत फिरायचे! केवढा संयम म्हणायचा तो.

वादींचे म्हणणे होते की तळे खाजगी आहे आणि अस्पृश्यांनी तिथे न यायची रूढी अनादी काळापासून आहे. तळे नगरपालिकेचे ठरले. खटला महाडहून ठाण्याला आणि ठाण्याहून हायकोर्टात गेला. हायकोर्टात न्यायमूर्ती ब्रूमफिल्ड आणि वाडिया यांनी निकाल दिला की अशी अनादी रूढी वादींनी सिद्ध केलेली नाही. रूढी रूढी म्हणून जिने आपल्याला पिढ्यान् पिढ्या पाण्यापासून दूर ठेवले, ती पुराव्यावर टिकली नाही.

आता भारताच्या राज्यघटनेचे कलम १५ उघडून बघा. विहिरी, तळी, स्नानघाट, रस्ते यांचा वापर करण्यापासून कुणालाही जातीमुळे अडवता येणार नाही, असे तिथे लिहिले आहे. कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. आणि हक्क डावलला गेला तर थेट सुप्रीम कोर्टाचे दार ठोठावायचा अधिकार कलम ३२ ने दिला. १९४८ साली घटना समितीत बोलताना बाबासाहेबांनी हेच कलम घटनेचा आत्मा मानले. नुसता ठराव कागदावर असून भागत नाही, तो बजावून घ्यायची सोय लागते, हे महाडने त्यांना शिकवले होते.

६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. त्यांनी मिळवून दिलेला हक्क वापरायचा की फोटोला हार घालून मोकळे व्हायचे, हे आपल्या हातात आहे. वस्तीतल्या एखाद्या मुलीला किंवा मुलाला कायदा शिकायचा असेल तर त्याची फी, पुस्तके यांची काळजी आपण सर्वांनी मिळून घ्यावी. विहारात वंदनेनंतर आठवड्याला घटनेचे एक तरी कलम मोठ्याने वाचावे. आणि येत्या १७ मार्चला तळ्याच्या निकालाची गोष्ट घरातल्या पोरांना जरूर सांगावी.

नमो बुद्धाय! जय भीम!