ऐपतीची फी, गरिबांचे औषध

विश्रामबागशेजारची वानलेसवाडी ज्यांच्या नावाने ओळखली जाते, ते डॉ. विल्यम वानलेस मूळचे कॅनडाचे. जन्म १८६५ चा. १८८९ मध्ये भारतात आल्यावर त्यांनी सांगलीत छोटा दवाखाना सुरू केला. पण मोठ्या शस्त्रक्रियांसाठी तो अपुरा होता. फिलाडेल्फियाच्या जॉन कॉन्व्हर्स यांच्या देणगीतून १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय उभे राहिले. ऐपत असणाऱ्यांकडून फी घ्यायची आणि त्यातून गरिबांवर उपचार करायचे, हा तिथला शिरस्ता होता. पुढे कुष्ठरुग्णांचीही सोय झाली. क्षयावर औषध नव्हते तेव्हा मोकळी हवा, विश्रांती आणि सकस आहार हाच उपचार होता. त्यासाठी वानलेसवाडीत आरोग्यधाम उभे राहिले. १९३३ मध्ये त्यांचे निधन झाले. मिरजेचे रुग्णालय आजही त्यांच्या नावाने ओळखले जाते.