हमदानच्या मातीत विसावलेला मुसाफिर : हकीम इब्न सीना

इराणच्या पश्चिमेला अलवंद नावाचा डोंगर आहे. उंची साडेतीन हजार मीटरच्या वर, हिवाळ्यात पांढराशुभ्र. त्याच्या पायथ्याशी हमदान हे शहर वसलंय, तेही समुद्रसपाटीपासून साधारण १८०० मीटर उंचीवर. जगातल्या फार जुन्या शहरांत त्याची गणती होते. इस्लामच्या आधी हजारेक वर्षं ते मीड लोकांची राजधानी होतं. तेव्हा नाव होतं हगमताना, म्हणजे जमण्याची जागा. ग्रीकांनी त्याचं एकबताना केलं. इ.स.पू. ५५० मध्ये सायरस बादशहाने ते जिंकलं आणि पुढे इराणी बादशहा उन्हाळा काढायला इथे येऊ लागले. शहराजवळच्या गंजनामा इथे दारा आणि खशायार या बादशहांचे शिलालेख आजही डोंगराच्या कातळावर दिसतात. दोन्ही तीन-तीन भाषांत कोरलेले आहेत. २०२४ साली युनेस्कोने हगमतानाचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश केला.

एवढ्या उंचीवर, एवढ्या थंडीत शहर का वसलं? रस्त्यामुळे. बगदादहून निघालेला खोरासानचा मोठा रस्ता किरमानशाहवरून डोंगर चढून हमदानला यायचा आणि पुढे रय, निशापूर, मर्व करत बुखारा-समरकंदला जायचा. रेशीम, मसाले, कागद, घोडे, सगळं याच वाटेने. कारवान इथे थांबायचे, दम घ्यायचे. मालाबरोबर माणसं यायची, माणसांबरोबर किताबा यायच्या. याच रस्त्याच्या दुसऱ्या टोकाकडून एक माणूस हमदानला आला आणि इथल्याच मातीत दफन झाला. अबू अली हुसेन इब्न अब्दुल्लाह इब्न सीना. आपण त्यांना शेख-उर-रईस म्हणतो, युरोपवाले अविसेना.

हुसेनचा जन्म हिजरी ३७० म्हणजे इ.स. ९८० च्या सुमारास बुखाऱ्याजवळच्या अफशाना गावात झाला. वालिद अब्दुल्लाह मूळचे बल्खचे, सामानी राज्यात अधिकारी. आईचं नाव सितारा. पुढे कुटुंब बुखाऱ्याला आलं. दहाव्या वर्षापर्यंत मुलाने कुरआन आणि अरबी साहित्याचं मोठं शिक्षण पूर्ण केलं. मग वालिदांनी त्याला हिशोब शिकायला कोणाकडे पाठवलं? एका भाजीवाल्याकडे! हा भाजीवाला हिंदी आकड्यांत, म्हणजे आपल्या हिंदुस्तानातून गेलेल्या अंकपद्धतीत, हिशोब करायचा. वजीर होणारा मुलगा भाजीच्या दुकानात बसून गणित शिकला आणि त्यात कुणाला कमीपणा वाटला नाही. ज्याच्याकडे इल्म आहे तो उस्ताद, मग त्याचा धंदा कोणताही असो. मी शिक्षक आहे, म्हणून हा प्रसंग मला फार मोलाचा वाटतो.

नंतर नातिली नावाचे उस्ताद घरी राहायला आले. त्यांच्याकडे तर्कशास्त्र आणि युक्लिडची भूमिती सुरू झाली. थोड्याच दिवसांत शागिर्द उस्तादाच्या पुढे गेला. नातिली निघून गेल्यावर हुसेनने स्वतःच वाचायला सुरुवात केली. वैद्यकाकडे वळला, सोळाव्या वर्षी रोगी तपासू लागला. कायदा म्हणजे फिकहचा अभ्यासही चालूच होता.

इब्न सीनांनी आपली सुरुवातीची हकीगत स्वतःच शागिर्दाला सांगितली, पुढची त्या शागिर्दाने लिहिली. त्यात एक गोष्ट अशी की ॲरिस्टॉटलचा अधिभौतिकशास्त्रावरचा ग्रंथ त्यांनी ४० वेळा वाचला. पाठ झाला, पण अर्थ कळेना. शेवटी हा ग्रंथ आपल्या आवाक्यातला नाही म्हणून नाद सोडला. एके दिवशी अस्रच्या वेळी किताबांच्या बाजारात एक दलाल एक पुस्तक घ्या म्हणून मागे लागला. नको म्हणून झालं, पण मालक गरजू होता, किंमत फक्त ३ दिरहम. घेतलं. ती फाराबीची किताब निघाली, त्याच ग्रंथाचा हेतू समजावणारी. घरी जाऊन वाचली आणि गाठ सुटली. दुसऱ्या दिवशी त्यांनी शुक्र म्हणून गरिबांना सदका वाटला. एखादा प्रश्न सुटला नाही की ते जामा मशिदीत जायचे, नमाज पढून दुआ करायचे आणि परत येऊन दिव्याखाली बसायचे. दुआ पण आणि दिवा पण. आपण बऱ्याचदा दोहोंतलं एकच धरतो.

सतरा-अठराव्या वर्षी सामानी अमीर नूह इब्न मन्सूर आजारी पडला. दरबारच्या हकिमांनी या पोराला बोलावलं. मोबदल्यात त्याला शाही कुतुबखाना उघडा झाला. खोलीमागून खोली, पेट्यांमध्ये रचलेल्या किताबा, प्रत्येक खोलीत वेगळा विषय. कित्येक किताबांची नावंसुद्धा लोकांनी ऐकली नव्हती. अठरा वर्षांचा होईपर्यंत त्याने त्यातलं हवं ते वाचून काढलं.

आणि मग सगळं कोसळलं. ९९९ साली सामानी राज्य संपलं. वालिद वारले. विशी ओलांडलेला हा तरुण पोटासाठी घराबाहेर पडला तो परत बुखाऱ्यात गेलाच नाही. आधी ख्वारिज्मला गुरगंज इथे राहिला. तिथूनही निघावं लागलं. वाळवंट तुडवत नसा, अबीवर्द, तूस अशी गावं मागे टाकत तो कॅस्पियन समुद्राकडच्या जुरजानला निघाला. तिथला अमीर काबूस हा इल्मवाल्यांचा कदरदान होता. पण इब्न सीना पोहोचेपर्यंत काबूसला त्याच्याच सरदारांनी कैद केलं आणि तो कैदेतच मेला. जुरजानमध्ये मात्र अबू उबैद जुझजानी हा शागिर्द भेटला. त्याने शेवटपर्यंत उस्तादांची साथ सोडली नाही. वैद्यकाच्या महाग्रंथाची, अल-कानून फित-तिब्बची सुरुवात जुरजानलाच झाली.

तिथून रय आणि मग साधारण १०१५ च्या सुमारास हमदान. हमदानचा बुवैही अमीर शम्सुद्दौला याला कुलंज म्हणजे पोटशुळाचा त्रास होता. इब्न सीनांनी ४० दिवस त्याच्याजवळ राहून उपचार केला. अमीर बरा झाला आणि त्याने हकिमाला वजीर करून टाकलं.

वजिरी म्हणजे काट्यांचा मुकुट. फौज बिथरली. शिपायांनी घर लुटलं, वजिराला पकडलं आणि त्याची मान मागितली. अमीरने जीव वाचवला, पण पदावरून काढलं. इब्न सीना एका मित्राच्या घरात ४० दिवस लपून राहिले. एवढ्यात अमीरचा पोटशूळ परत उठला! हकिमाची शोधाशोध झाली, माफी मागितली गेली, वजिरी परत मिळाली. ज्याने आपल्याला काढलं त्याच्याच उशाशी बसून इब्न सीनांनी पुन्हा मन लावून उपचार केला. हकिमीचा धर्म तो हाच.

या काळातला त्यांचा दिवस बघा. दिवसभर दरबाराचं काम. रात्री घरी शागिर्द जमायचे. एक जण कानून वाचायचा, दुसरा शिफा. शिफा हा त्यांचा दुसरा प्रचंड ग्रंथ, नावावरून वैद्यकाचा वाटतो पण आहे तर्क, निसर्ग, गणित आणि तत्त्वज्ञानाचा. धडा संपला की गाणंबजावणं आणि शराबसुद्धा व्हायची. हे त्यांच्या शागिर्दानेच लिहून ठेवलंय, आपण झाकायचं कारण नाही. इब्न सीना वली नव्हते, माणूस होते. त्यांच्याकडून घ्यायचं ते घ्यावं, जे चुकीचं ते त्यांच्याजवळ राहू द्यावं.

१०२१ साली शम्सुद्दौला वारला. त्याच्या मुलाने वजिरी देऊ केली, इब्न सीनांनी नाकारली आणि अबू गालिब नावाच्या एका अत्ताराच्या, म्हणजे औषधविक्याच्या घरी लपून राहिले. शिफा अर्धवट होता. जवळ एकही संदर्भाची किताब नव्हती. त्यांनी कागद-शाई मागवली, दोन दिवसांत सगळ्या मुद्द्यांची यादी नुसत्या आठवणीतून लिहून काढली. मग एकेक मुद्दा समोर ठेवून रोज ५० पानं लिहू लागले. बाहेर शोध चालू, आत लेखणी चालू.

शेवटी पकडले गेलेच. इस्फहानच्या अमीराशी गुपचूप पत्रव्यवहार केल्याचा आरोप आला आणि फर्दजान किल्ल्यात कैद झाली. चार महिने. त्या कैदेतही तीन लिखाणं झाली, त्यातलं एक पोटशुळावर! पुढे सुटून हमदानला आले आणि संधी साधून सुफी फकिराचा वेश घेऊन निघाले. बरोबर भाऊ, जुझजानी आणि दोन गुलाम. इस्फहानला अलाउद्दौलाने इज्जतीने ठेवून घेतलं. तिथे शिफा पूर्ण झाला. तिथेच त्यांनी फारसीत दानिशनामा लिहिला. इल्म अरबीतच असावं अशा काळात तत्त्वज्ञान लोकांच्या बोलीत आणलं. मातृभाषा की दुसरी भाषा यावर भांडणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे लक्षात ठेवावं.

त्याच दरबारात एका भाषापंडिताने टोमणा मारला की तुम्ही हकीम असाल, पण अरबी भाषेचा तुमचा अभ्यास नाही. इब्न सीना चिडून गप्प बसले नाहीत. तीन वर्षं शब्दकोश आणि जुनं अरबी साहित्य वाचत राहिले. त्या पंडिताला मान्य करावंच लागलं. वय तेव्हा चाळिशीच्या पुढे होतं.

अखेरीस त्यांनाच कुलंज झाला. ज्या दुखण्याने वजिरी दिली, ज्याच्यावर कैदेत लिहिलं, तेच दुखणं. अलाउद्दौलाबरोबर हमदानच्या वाटेवर असताना अंगातली ताकद संपल्याचं त्यांनी ओळखलं आणि इलाज थांबवला. हिजरी ४२८ चा रमजान, इ.स. १०३७. वय ५७.

त्यांच्या कानूनचे पाच भाग आहेत. वैद्यकाची मूळ तत्त्वं, एकेकटी औषधं, डोक्यापासून पायापर्यंतचे रोग, ताप वगैरे सबंध शरीराचे रोग आणि मिश्र औषधं. आपल्याकडचा हरडा, बेहडा, आवळा त्यात आहे. त्रिफळ्याचं इत्रीफल झालं आणि युनानी दवाखान्यांतून ते पुन्हा आपल्याकडे आलं. बाराव्या शतकात कानून लॅटिनमध्ये गेला आणि सतराव्या शतकापर्यंत युरोपच्या विद्यापीठांत शिकवला जात होता. मुंबई-मालेगावच्या तिब्बिया कॉलेजांतली आपली मुलं-मुली आजही या नावापासूनच सुरुवात करतात.

त्यांच्यावर कुफ्रचा आरोपही झाला. इमाम गझालींनी तत्त्वज्ञांची २० मतं खोडून काढली आणि त्यातल्या ३ मतांना कुफ्र ठरवलं. पण गझालींनी आधी काय केलं? तत्त्वज्ञांचं म्हणणं नीट समजून घेऊन त्यावर स्वतंत्र किताब लिहिली, आणि तिचा मोठा आधार इब्न सीनांचा दानिशनामाच होता. तर्कशास्त्र तर त्यांनी टाकून दिलंच नाही, उलट उपयोगी मानलं. आज आपण न वाचताच अभिमान बाळगतो आणि न वाचताच फतवा देतो. दवाखान्याला, क्लासला इब्न सीनांचं नाव देणं सोपं आहे. न कळलेलं पुस्तक एक्केचाळिसाव्या वेळी उघडणं अवघड आहे. त्यांचा खरा वारसा ते आहे, आणि तो आपल्या घरात आहे का हे प्रत्येकाने आपल्या घरातल्या कपाटाकडे पाहून ठरवावं.

हमदानच्या मध्यभागी आज त्यांचा मकबरा आहे. १९५० च्या दशकात हूशंग सैहून या वास्तुकाराने त्यावर बारा खांबांचा उंच मनोरा उभारला. त्याचा नमुना घेतला गुंबद-ए-काबूसचा. हा तोच काबूस, ज्याच्या दरबाराच्या आशेने तरुण इब्न सीना वाळवंट तुडवत गेले होते आणि ज्याची भेट झालीच नाही. शेजारी जुन्या मित्राची, अबू सईदची कबर आहे. लपण्याचे ते ४० दिवस त्याच्याच घरात गेले असं मानतात.