मायकल फॅरेडे : बुकबाइंडिंगच्या दुकानातून सिग्नलच्या तारेपर्यंत



२२ सप्टेंबरला मायकल फॅरेडे यांची जयंती असते. दहावीच्या विज्ञानात त्यांचं नाव येतं, नियम पाठ होतो, परीक्षा झाली की माणूस विसरला जातो. म्हणून आज त्यांची ओळख आपण एका सिग्नलपासून करून घेऊया.

काशिमिरा नाका असो की गोल्डन नेस्ट चौक, आपल्याला सवय आहे ती ठरलेल्या सेकंदांवर चालणाऱ्या सिग्नलची. परदेशात मात्र अनेक चौकांत गाडी आली हे सिग्नललाच कळतं. थांबण्याच्या रेषेजवळ डांबरात चौकोनी खाच पाडून त्यात तारेचे काही वेढे पुरलेले असतात. कार आली की हिरवा दिवा लागतो. पण छोटी स्कूटर आली तर कधी कधी दिवा लालच राहतो! बऱ्याच जणांना वाटतं, स्कूटरचं वजन कमी पडलं. पण ती तार वजन मोजतच नाही. मग काय मोजते? हे समजायला थोडं मागे जावं लागेल.

१७९१ साली लंडनजवळ एका लोहाराच्या घरी मायकलचा जन्म झाला. वडील सतत आजारी, घरात चार भावंडं. वाचणं, लिहिणं आणि थोडं गणित, एवढीच काय ती शाळा. तेराव्या वर्षी तो रिबो नावाच्या पुस्तकविक्रेत्याकडे निरोप्या म्हणून लागला आणि पुढच्या वर्षी तिथेच बुकबाइंडिंग शिकायला राहिला. सात वर्षं तो पुस्तकं शिवत होता. गंमत बघा, बांधायला आलेली पुस्तकं तो वाचूनही काढायचा. विश्वकोशातला विजेवरचा लेख आणि जेन मार्सेट या लेखिकेचं रसायनशास्त्राचं पुस्तक त्याने असंच वाचलं. मालकही चांगला. वाचतोस काय, काम कर, असं म्हणण्याऐवजी त्याने या पोराला प्रयोग करायला मोकळीक दिली.

१८१२ मध्ये दुकानातल्या डान्स नावाच्या एका गिऱ्हाईकाने मायकलला रॉयल इन्स्टिट्यूशनमधल्या व्याख्यानांची तिकिटं दिली. वक्ते होते प्रसिद्ध रसायनशास्त्रज्ञ हंफ्री डेव्ही. मायकलने सगळी टिपणं काढली, आकृत्यांसह नीट लिहिली, स्वतः बांधली आणि डेव्हींना पाठवून काम मागितलं. लगेच काही झालं नाही. पण मार्च १८१३ मध्ये जागा रिकामी झाली आणि एकविसाव्या वर्षी तो तिथे प्रयोगशाळेत मदतनीस झाला.

म्हणून सगळं सोपं झालं असं नाही. डेव्ही दांपत्याबरोबर युरोपचा प्रवास करताना त्याला नोकरासारखी वागणूक मिळाली. पुढे १८२४ मध्ये फॅरेडे रॉयल सोसायटीचे सदस्य झाले, तेव्हा खुद्द डेव्हींचाच त्याला विरोध होता. उच्च गणित त्यांना शेवटपर्यंत येत नव्हतं. चुंबकाभोवती लोखंडाचा कीस जशा रेषा काढतो, तशा बलरेषा ते मनात पाहायचे आणि त्यावरून विचार करायचे. त्या विचाराला गणिताचं रूप नंतर मॅक्सवेल यांनी दिलं.

२९ ऑगस्ट १८३१ चा प्रयोग तर शाळेत सांगायलाच हवा. लोखंडी कड्यावर त्यांनी तारेची दोन वेगवेगळी वेटोळी गुंडाळली. एकात वीज सोडताक्षणी दुसऱ्याला जोडलेली सुई हलली आणि परत आली. वीज बंद केली, सुई पुन्हा हलली, या वेळी उलट बाजूला. मध्ये वीज चालू असताना मात्र सुई गप्प. म्हणजे नुसतं चुंबकत्व असून भागत नाही, ते बदलावं लागतं. हेच विद्युतचुंबकीय प्रवर्तन. आपल्या वीज केंद्रांतली जनित्रं आजही याच तत्त्वावर फिरतात.

याच काळात फॅरेडे यांनी आणखी एक कोडं सोडवलं. तांब्याची चकती फिरवली की जवळची चुंबकसुई तिच्यामागे फिरते, असं आरागो या फ्रेंच शास्त्रज्ञाला दिसलं होतं. पण तांबं तर चुंबकाला चिकटतच नाही! फॅरेडे यांनी दाखवलं, की चुंबकाजवळून फिरताना चकतीतच वीज निर्माण होते आणि ती चुंबकावर परिणाम करते.

आता सिग्नलकडे परत या. रस्त्याखालच्या तारेतली वीज सेकंदाला हजारो वेळा दिशा बदलते. वर धातू आला की त्या धातूत भोवऱ्यासारखी वीज फिरू लागते. तिच्यामुळे तारेतल्या विजेची लय किंचित वाढते आणि जोडलेलं यंत्र समजतं, गाडी आली. कारचा तळ रुंद, धातूचा, त्यामुळे फरक मोठा पडतो. स्कूटर अरुंद, तिची चाकं लहान, बाहेरचे भाग बरेचदा प्लॅस्टिकचे. ती चौकोनाच्या मधोमध उभी राहिली तर फरक इतका कमी पडतो, की यंत्र तो सोडून देतं.

उपाय आहेत. यंत्राची संवेदनशीलता वाढवता येते, पण फार वाढवली तर शेजारच्या रांगेतला ट्रकही मोजला जातो. म्हणून तार इंग्रजी आठच्या आकारात किंवा तिरकी पुरतात. चालकानेही चाकं मधोमध न ठेवता खाचेच्या रेषेवर आणली तर फायदा होतो. स्कूटरला खालून चुंबक चिकटवून मात्र काही होत नाही. उलट, चुंबकाला न चिकटणारी अॅल्युमिनियमची रिम उपयोगी पडते. आरागोच्या चकतीचंच हे उत्तर!

पालकहो, हे तुमच्याही कामाचं आहे. आपल्याकडे पार्किंगच्या अनेक फाटकांखाली अशीच तार असते. तिने स्कूटर टिपली नाही, तर दांडा खाली येऊ शकतो. त्यामुळे मूल पुढे उभं असताना कारच्या मागोमाग स्कूटी दामटू नका.

फॅरेडे यांनी सर ही पदवी नाकारली. रॉयल सोसायटीचं अध्यक्षपद दोनदा नाकारलं. युद्धासाठी विषारी वायू बनवायलाही नकार दिला. मुलांसाठी मात्र त्यांच्याकडे वेळ होता. नाताळच्या सुट्टीतली व्याख्यानं त्यांनी १९ वर्षं दिली, त्यातली एक मालिका तर साध्या मेणबत्तीवर. २५ ऑगस्ट १८६७ रोजी त्यांचं निधन झालं.

शिक्षक मित्रहो, यातून आपण काय घ्यायचं? सिग्नलवर स्कूटर उभी असतेच, यंत्र कारच्या मापाने लावलेलं असतं. वर्गातही असंच होतं. गणितात मागे, घरी हलाखी, हात वर न करणारं मूल आपल्या चाचणीत दिसत नाही. मायकल तसाच होता. रिबोने पुस्तकं दिली, डान्सने तिकिटं दिली, डेव्हींनी जागा दिली. तिघांपैकी कुणीही त्याला परीक्षेतल्या गुणांनी मोजलं नाही. आपल्या वर्गासाठी मोजमाप थोडं बदलता येईल का, एवढं या आठवड्यात नक्की बघा.

वर्गात करून पाहा : जाड भिंतीची अॅल्युमिनियमची नळी उभी धरा. तिच्यातून आधी खडूचा तुकडा सोडा, मग तेवढाच लहान पण शक्तिशाली चुंबक. चुंबक रमतगमत खाली येईल. नळीला तो चिकटत नाही, मग हळू का येतो? उत्तर लगेच सांगू नका, मुलांना बोलू द्या. चुंबक लहान मुलांच्या हातात देऊ नका, तो गिळला तर धोका असतो.