लुई आर्मस्ट्राँग आणि त्यांच्या तबकड्या

चित्रकाराच्या पश्चात् त्याचें चित्र भिंतीवर राहतें, शिल्पकाराची मूर्ति देवळांत राहते, कवीचें काव्य पोथींत राहतें. परंतु गवयाचा स्वर कंठांतून सुटला कीं हवेंत विरून जातो. म्हणून इतर कोणत्याही वारशापेक्षां संगीताचा वारसा जपणें कठीण. त्यांतही जें संगीत कधीं लिहून ठेविलेंच गेलें नाहीं, जें वादकानें ऐन वेळीं मनानें रचावयाचें व ऐकणारानें कानांत साठवावयाचें, त्याचें रक्षण कोणी व कसें करावें? अमेरिकेंतील कृष्णवर्णीय लोकांनीं निर्माण केलेलें जॅझ हें संगीत याच जातीचें होय. त्याचे सर्वांत थोर वादक लुई आर्मस्ट्राँग यांचें चरित्र आम्ही आज वाचकांपुढें ठेवीत आहों. त्यांच्या वादनाची कीर्ति सर्वश्रुत आहे. परंतु या थोर कलावंतानें जन्मभर तबकड्या जमविल्या, त्या जपल्या, आणि त्यांची स्वतःच्या हातानें यादी केली, ही गोष्ट आपल्याकडे फारच थोड्यांस ठाऊक असेल.

लुई यांचा जन्म अमेरिकेच्या दक्षिणेस, मिसिसिपी नदीच्या कांठच्या न्यू ऑर्लिन्स शहरीं, ४ ऑगस्ट १९०१ रोजीं झाला. आपण १९०० सालच्या जुलै महिन्याच्या चवथ्या तारखेस, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनीं, जन्मलों, अशी त्यांची स्वतःची समजूत होती व जगही तेंच मानी. त्यांच्या मृत्यूनंतर कित्येक वर्षांनीं तेथील एका चर्चच्या बाप्तिस्म्याच्या नोंदवहींत खरी तारीख सांपडली. जुनें दप्तर नीट जपून ठेविलें म्हणजे तें केव्हां उपयोगीं पडेल हें सांगतां येत नाहीं, याचें हें एक लहानसें उदाहरण होय.

वडील घर सोडून गेलेले, आई मेरी अल्बर्ट मोलमजुरी करणारी, वस्ती अत्यंत दरिद्री व भांडखोर. अशा स्थितींत आजीच्या व आईच्या छायेखालीं हा मुलगा वाढला. शाळा लवकरच सुटली. लिथुआनियांतून आलेल्या कार्नोफ्स्की नांवाच्या एका ज्यू कुटुंबाच्या गाडीवर तो भंगार गोळा करी व कोळसा विकी. गिऱ्हाइकांस बोलाविण्यासाठीं तो गाडीवरून पत्र्याचें शिंग फुंकी. या कुटुंबानें त्याला घासांत घास दिला आणि पहिलें कॉर्नेट विकत घेण्यास आगाऊ पैसेही दिले. कॉर्नेट हें ट्रंपेटसारखेंच, तोंडानें फुंकावयाचें पितळी वाद्य होय. हे उपकार आर्मस्ट्राँग कधीं विसरले नाहींत. वयाच्या सदुसष्टाव्या वर्षीं रुग्णालयांत असतां त्यांनीं या कुटुंबाच्या आठवणी कृतज्ञतेनें लिहून काढल्या.

१९१२ सालच्या अखेरच्या रात्रीं नववर्षाच्या आनंदाच्या भरांत या मुलानें रस्त्यावर पिस्तुलाचा बार काढला. पोलिसांनीं त्याला धरलें व निराधार कृष्णवर्णीय मुलांच्या सुधारगृहांत पाठविलें. आईबापांस ही केवढी आपत्ति वाटली असेल! परंतु तेथील शिक्षक पीटर डेव्हिस यांनीं या मुलाच्या हातीं प्रथम खंजिरी, मग ढोल, मग बिगुल व शेवटीं कॉर्नेट दिलें, आणि अखेर त्याला संस्थेच्या वाद्यवृंदाचा नायक केलें. दीड वर्षानें जेव्हां तो बाहेर पडला तेव्हां त्याच्या आयुष्याला दिशा लागली होती.

त्या काळीं न्यू ऑर्लिन्समध्यें जॅझ हें रस्त्यांतलें संगीत होतें. मिरवणुकींत, नाचघरांत, इतकेंच नव्हे तर प्रेतयात्रेंतही तें वाजे. त्याचे आद्य वादक म्हणून बडी बोल्डन यांचें नांव जुनीं माणसें मोठ्या आदरानें घेत. परंतु बोल्डन यांना १९०७ सालीं वेड्यांच्या इस्पितळांत ठेवण्यांत आलें, व १९३१ सालीं तेथेंच त्यांचा अंत झाला. त्यांच्या वादनाची एकही तबकडी आज उपलब्ध नाहीं. एवढा मोठा कलावंत. पण त्याचा एक स्वरही कोणास ऐकतां येत नाहीं. या हानीची कल्पना मनांत आली म्हणजे पुढील हकीकतीचें महत्त्व समजेल.

लुई यांना खरा गुरु लाभला तो जो ऑलिव्हर. लोक त्यांना राजा ऑलिव्हर म्हणत. लुई त्यांच्या पत्नीचीं बाजारहाटाचीं कामें करीत आणि त्याच्या मोबदल्यांत ऑलिव्हर त्यांना धडे देत. आपलें जुनें कॉर्नेटही त्यांनीं या शिष्यास देऊन टाकिलें. आपल्याकडे शिष्यानें गुरुगृहीं पाणी भरून विद्या मिळवावी, तसाच हा प्रकार होय. पुढें ऑलिव्हर उत्तरेस शिकागो शहरीं गेले. लुई यांनीं कांहीं काळ नदींतील आगबोटींवरच्या वाद्यवृंदांत चाकरी केली व तेथेंच स्वरलेखन वाचावयास ते शिकले. १९२२ च्या ऑगस्टमध्यें गुरूंनीं तार करून त्यांना शिकागोस बोलावून घेतलें.

१९२३ च्या एप्रिल महिन्यांत ऑलिव्हर यांचा वृंद इंडियाना प्रांतांतील रिचमंड गांवीं जेनेट कंपनीच्या कारखान्यांत गेला. ध्वनिमुद्रणाची जागा आगगाडीच्या रुळांलगत होती. गाडी आली कीं काम थांबवावें लागे. विजेच्या यंत्रानें ध्वनि टिपण्याची युक्ति तेव्हां प्रचारांत आलेली नव्हती. वादकांनीं एका मोठ्या कर्ण्यासमोर उभें राहून वाजवावयाचें, त्या आवाजानें सुई हाले, व मेणाच्या तबकडीवर रेघ उमटे. जो मोठ्यानें वाजवी त्याला मागें उभें करीत. लुई यांचा स्वर इतका जोरकस कीं त्यांना सर्वांहून पुष्कळ दूर उभें केलें होतें, असें सांगतात. गुरु पुढें आणि शिष्य कोपऱ्यांत, अशी ही मांडणी. पण त्या कोपऱ्यांतून आलेला स्वर शंभर वर्षांनंतरही स्पष्ट ऐकूं येतो.

लवकरच शिष्य गुरूच्या पुढें गेला. १९२५ ते १९२८ या काळांत आर्मस्ट्राँग यांनीं आपल्या पांच व सात जणांच्या लहान वृंदांसह ज्या तबकड्या भरल्या, त्यांनीं जॅझचें रूपच पालटून टाकिलें. पूर्वीं सर्वजण मिळून वाजवीत. आतां एकट्या वादकानें गीत हातीं घेऊन त्याचा विस्तार करावा, आमच्या गवयाप्रमाणें आलाप व तान घ्यावी, ही पद्धति रूढ झाली. एका बाजूस जेमतेम तीन मिनिटें मावत; तेवढ्यांत कलावंताला सर्व कांहीं सांगावें लागे. २८ जून १९२८ रोजीं भरलेलें वेस्ट एंड ब्लूज हें त्यांतील सर्वश्रेष्ठ मानतात. ती रचना मूळ ऑलिव्हर यांची. तिच्या आरंभीं शिष्यानें एकट्यानें घेतलेली ती उंच तान म्हणजे गुरूच्या मंदिरावर चढविलेला कळसच होय.

परंतु काळाची गति विचित्र असते. दांतांच्या व हिरड्यांच्या विकारानें ऑलिव्हर यांना वाजविणें अशक्य झालें, पैसा गेला, वृंद फुटला. जॉर्जिया प्रांतांतील सॅव्हाना शहरीं आपल्या गुरूस भाजी विकून पोट भरतांना पाहिल्याचें आर्मस्ट्राँग यांनीं पुढें सांगितलें आहे. जवळ होते तेवढे पैसे त्यांनीं गुरूच्या हातावर ठेविले. १९३८ च्या एप्रिलमध्यें ऑलिव्हर त्याच शहरांत निवर्तले. अखेरच्या दिवसांत ते एका खेळघरांत झाडलोट करीत होते. माणूस असा गेला. पण बोल्डन यांच्याप्रमाणें त्यांचा स्वर मात्र गेला नाहीं, कारण तबकड्या उरल्या होत्या.

त्या तबकड्या तरी सहज उरल्या असें कोणी समजूं नये. त्या काळीं त्या कृष्णवर्णीयांच्या बाजारासाठीं निराळ्या यादींत काढीत, व कांहीं वर्षांनीं त्या दुकानांतून नाहींशा होत. यूरोपांत व अमेरिकेंत कांहीं तरुण मंडळींना त्यांचा छंद लागला. जुन्या बाजारांत, भंगारवाल्यांकडे, गरीब वस्तींत दारोदार हिंडून ते तबकड्या मिळवीत. पॅरिसमधील शार्ल दलोने यांनीं १९३६ सालीं त्यांची सूचि छापून प्रसिद्ध केली: कोणती तबकडी केव्हां भरली, तींत कोण कोण वाजवितात, हें शोधून त्यांनीं लिहिलें. जॉर्ज अवाकियान हे येल विद्यापीठांत शिकत असतांनाच कोलंबिया कंपनीनें १९४० च्या सुमारास आर्मस्ट्राँग यांच्या जुन्या तबकड्या पुन्हां काढण्याचें काम त्यांच्यावर सोंपविलें. कंपनीच्या कोठारांत धूळ खात पडलेले, कधींच प्रसिद्ध न झालेले कित्येक ठसेही त्यांनीं उजेडांत आणिले. एका विद्यार्थ्याच्या छंदानें हें कार्य झालें, हें आमच्या विद्यार्थिमित्रांनीं ध्यानीं ठेवावें.

पुढें दोनच वर्षांनीं विपरीत काळ आला. तबकड्या ज्या लाखेपासून होत ती मुख्यतः हिंदुस्थानांतून जात असे. महायुद्धामुळें लाखेचा तुटवडा पडला, आणि १९४२ पासून अमेरिकेंत लोकांकडून जुन्या तबकड्या परत घेऊन, त्यांचा भुगा करून, नव्या काढूं लागले. त्या दळणांत काय काय गेलें असेल याची गणना कोण करणार? संग्राहकांनीं ज्या घरांत जपून ठेविल्या होत्या, त्या मात्र वांचल्या.

स्वतः आर्मस्ट्राँग अशा संग्राहकांपैकींच एक होते. तरुणपणीं न्यू ऑर्लिन्समध्यें त्यांनीं ग्रामोफोन घेतला तेव्हांपासून इटालियन गायक कारूझो व इतर ऑपेरा गायकांच्या तबकड्या ते आवडीनें ऐकत. चांगला स्वर कोणत्याही देशाचा असो, तो आपलाच, अशी त्यांची वृत्ति होती. १९४३ सालीं त्यांच्या पत्नी ल्युसिल यांनीं न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागांत एक साधें घर घेतलें. जगभर मान मिळूनही आर्मस्ट्राँग मरेपर्यंत त्याच कष्टकऱ्यांच्या वस्तींत राहिले. १९५० च्या अखेरीस त्यांनीं फितीवर ध्वनि टिपण्याचें यंत्र विकत घेतलें, आणि तेव्हांपासून आपल्या तबकड्या फितींवर उतरवून घेण्याचा क्रम सुरू केला. दौऱ्यावरही तें यंत्र बरोबर असे. सहाशेंहून अधिक फिती त्यांनीं भरल्या. प्रत्येकीला क्रमांक दिला, आंत काय आहे तें वहींत स्वहस्तें लिहिलें, आणि पेट्यांवर छायाचित्रें व कात्रणें चिकटवून त्या सजविल्या. ऑलिव्हर यांच्या जुन्या तबकडीबरोबर शिष्य आपलें ट्रंपेट पुन्हां वाजवीत आहे, असेंही एका फितींत ऐकावयास मिळतें. गुरु जाऊन वर्षें लोटलीं होतीं. पण त्या खोलींत दोघेही पुन्हां एकत्र वाजवीत होते.

परंपरेविषयीं त्यांना टोचून बोलणारेही भेटले. १९४० नंतर तरुण वादकांनीं जॅझचें नवें, अधिक अवघड वळण काढिलें. आर्मस्ट्राँग जुन्यास चिकटून बसले आहेत, असें ते म्हणत. आणि जुन्याचे अभिमानी तर नव्यांना जॅझवालेच मानीत ना. डिझी गिलेस्पी हे नव्यांचे अग्रणी. त्यांनींही एके काळीं टीका केली, पण पुढें त्याच वस्तींत येऊन राहिले व स्नेही झाले. नव्यानें जुन्याचा हात धरावा व जुन्यानें तो सोडूं नये, यांतच परंपरेचें जीवन आहे, असें आम्हांस वाटतें.

हा वारसा जपणें म्हणजे केवळ गोड आठवणी काढणें नव्हे. १९५६ सालीं लुइझियाना प्रांतानें गोऱ्या व काळ्या वादकांनीं एकत्र वाजविण्यास बंदी केली. आर्मस्ट्राँग यांच्या वृंदांत दोन्ही वर्णांचे लोक होते. ज्या शहरानें त्यांना संगीत दिलें, त्या शहरीं वाजविण्याचें त्यांनीं सोडून दिलें, व कायदा नाहींसा झाल्यावर १९६५ सालींच ते तेथें परतले. १९५७ सालीं लिटल रॉक येथें कृष्णवर्णीय मुलांस शाळेंत जाऊं देईनात, तेव्हां सरकारच्या वतीनें रशियास जाण्याचा बेत त्यांनीं जाहीरपणें मोडला. सदा हंसतमुख असलेल्या या माणसाचा कणा किती ताठ होता, हें तेव्हां जगास कळलें.

६ जुलै १९७१ रोजीं आपल्या घरींच त्यांचा अंत झाला. तें घर २००३ सालापासून संग्रहालय म्हणून लोकांस खुलें आहे, आणि त्यांच्या फिती, वह्या व कात्रणें अभ्यासकांसाठीं जपून ठेविलीं आहेत.

आमच्याशीं या चरित्राचा एक धागा जोडलेला आहे. गोव्यांतील हळदोणें गांवचे अंतोनियो झेवियर वाझ हे मुंबईंत चिक चॉकलेट या नांवानें ट्रंपेट वाजवीत. त्यांना लोक हिंदुस्थानचे आर्मस्ट्राँग म्हणत. परंतु दुसरा धागा याहूनही लांबचा आहे. १९७७ सालीं अमेरिकेनें व्हॉयेजर नांवाचीं दोन यानें अवकाशांत सोडलीं. त्यांवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एकेक तबकडी ठेविली आहे. पृथ्वीवरील निवडक संगीत तींत आहे: आर्मस्ट्राँग यांच्या सात जणांच्या वृंदानें १९२७ सालीं भरलेली एक रचना, आणि गोव्यांतील केरी गांवीं जन्मलेल्या केसरबाई केरकर यांची भैरवी. न्यू ऑर्लिन्सच्या गल्लींतला तो कोळसेवाला मुलगा आणि आमच्या केसरबाई, दोघेही आज एकाच तबकडींतून तारांगणाकडे चाललीं आहेत.

तेव्हां पालकहो, माळ्यावर एखादी जुनी तबकडी वा फीत पडली असेल तर ती टाकून देण्यापूर्वीं एकवार पुसून पाहा. आणि विद्यार्थिमित्रहो, तींत कोण गातें, केव्हां गायिलें, हें घरांतल्या वडीलमाणसांस विचारून एका वहींत लिहून ठेवा. पुसतां येईल अशीं माणसें जवळ आहेत, तोंच हें काम होण्यासारखें आहे.